चौकटीच्या शेजारी काय आहे?

व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली काढलेलं एक चित्र आहे. एक भलीमोठी गोगलगाय, तिच्या शंखावर राज्यघटनेचं नाव. वर स्वार झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हातात लगाम आणि चाबूक. मागे पंडित नेहरू, त्यांच्याही हातात उगारलेला चाबूक. पलीकडे बघ्यांची गर्दी. घटना समितीचं काम सुरू होऊन तेव्हा अडीच वर्षांहून जास्त काळ लोटला होता आणि उशिराबद्दल कुरकुर चालली होती.

हे चित्र २००६ साली एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात आलं. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर जी नवी पुस्तकं निघाली, त्यांतलं हे एक. योगेंद्र यादव आणि पुण्याचे सुहास पळशीकर हे त्याचे मुख्य सल्लागार. पुस्तकाची रचना त्या काळासाठी धाडसाची होती. पानोपानी जुनी-नवी व्यंगचित्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं, आणि उन्नी-मुन्नी नावाची दोन चित्रातली मुलं, जी अधूनमधून डोकं वर काढून आगाऊ प्रश्न विचारायची. पुस्तक सांगेल ते खरं, ही सवय मोडावी हा उद्देश होता. सहा वर्षं पुस्तक शिकवलं गेलं आणि कुठे काही झालं नाही.

मे २०१२मध्ये खासदार तोल. तिरुमावलवन यांनी हे चित्र संसदेत मांडलं. नेहरू आंबेडकरांना चाबकानं हाकताहेत, असं ते चित्र दिसतं, आणि ते सरकारी पाठ्यपुस्तकात आहे, हा त्यांचा आक्षेप. सभागृहात सर्व पक्षांनी त्यांना साथ दिली. मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागितली, चित्र काढून टाकण्याचं जाहीर केलं. यादव आणि पळशीकरांनी राजीनामे दिले. दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिनं आणखीही बरीच चित्रं वगळायला किंवा बदलायला सांगितलं. समितीतले एम. एस. एस. पांडियन यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं.

त्या वेळी महाराष्ट्रात चर्चा दोनच रुळांवर धावली. एका बाजूला अभिव्यक्तिस्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला भावना. चित्र वाचायचं कसं, हा प्रश्न कुणी फारसा घेतला नाही. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त बोलका वाटतो तो चित्राखाली छापलेला मजकूर. त्यात विचारलं होतं ते वेगाबद्दल: घटना व्हायला जवळपास तीन वर्षं लागली, व्यंगचित्रकार त्यावर बोलतो आहे का, आणि इतका वेळ का लागला असेल? म्हणजे पुस्तकानं गोगलगाय वाचली. चाबूक वाचला नाही. नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर उगारलाय की तिच्यावर बसलेल्या माणसावर? चित्रातली गर्दी कशाकडे बघते आहे? ज्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या चाबूक अंगावर झेलला, त्या समाजातली अकरावीची मुलगी या चित्रात आधी काय पाहील? हे प्रश्न पानावर असते, तर कदाचित तेच पुस्तक आक्षेपाला उत्तर ठरलं असतं. तिरुमावलवन यांनी केलेलं वाचन चुकीचं नव्हतं, पुस्तकाचंही नव्हतं. दोन्ही वाचनं चित्रात होती. वर्गात मात्र त्यांची गाठ पडायची व्यवस्था नव्हती.

या वादातून एक पुस्तक निघालं, त्याची मराठीत व्हायला हवी तितकी चर्चा झालेली नाही. उन्नमती श्याम सुंदर या अभ्यासकानं त्या काळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतली आंबेडकरांवरची शंभराहून जास्त व्यंगचित्रं गोळा केली. 'नवयान' प्रकाशनानं २०१९ साली ती 'नो लाफिंग मॅटर' या नावानं छापली. १९३२ ते १९५६ अशी चोवीस वर्षं. एकेक चित्र सुटं पाहिलं तर त्या काळची सर्वसाधारण टिंगल वाटते. ओळीनं पाहत गेलं की अंगावर काटा येतो. आंबेडकर पुन्हा पुन्हा बुटके काढलेले, कुणाच्या तरी पायाशी, कुणाच्या तरी कडेवर, कधी बाईच्या वेषात. गोगलगायीचं चित्र या रांगेत ठेवलं की त्यातला चाबूक वेगळा दिसायला लागतो. चित्र तेच, रेषाही त्याच. शेजार बदलला.

दुसरा शेजारही ठेवून पाहता येतो. २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीतल्या शेवटच्या भाषणात आंबेडकरांनी विलंबाच्या आरोपाचा स्वतःच समाचार घेतला होता. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका यांना किती काळ लागला, त्यांच्या घटनांत कलमं किती, आपल्याकडे दुरुस्त्या किती आल्या, असा रोकडा हिशेब. ते भाषण आणि ते व्यंगचित्र समोरासमोरच्या पानांवर छापलं असतं तर?

*

शेजारामुळे अर्थ बदलतो, ही गोष्ट कॉमिक्सवाल्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. किंबहुना त्यांचा सगळा धंदाच त्यावर चालतो. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी चित्रकारानं १९९३ साली 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' नावाचं पुस्तक लिहिलं. लिहिलं म्हणजे काढलं, कारण कॉमिक्सबद्दलचं हे पुस्तक स्वतःही कॉमिक्सच आहे. त्यातला एक दाखला जगभरच्या वर्गांत वापरला जातो. पहिल्या चौकटीत एक माणूस दुसऱ्यावर कुऱ्हाड उगारतो. दुसऱ्या चौकटीत रात्रीचं शहर आणि आकाशात उमटलेली किंकाळी. घाव कुणी घातला? चित्रकारानं नाही, त्यानं फक्त कुऱ्हाड उचलली. दोन चौकटींमधल्या बोटभर पांढऱ्या पट्टीत वाचकानं खून केला.

मॅक्लाउडनं या पट्टीतल्या उड्यांचे सहा प्रकार केले. क्षणाकडून क्षणाकडे, कृतीकडून कृतीकडे, एका व्यक्तीकडून दुसरीकडे, एका प्रसंगातून दुसऱ्यात, एकाच जागेच्या निरनिराळ्या अंगांकडे, आणि शेवटचा, ज्यात दोन चित्रांचा काही संबंधच नाही. मग चक्क मोजदाद केली. अमेरिकी साहसकथांत कृतीकडून कृतीकडे जाणाऱ्या उड्यांचा भरणा. जपानी मांगात एकाच जागेभोवती डोळा फिरवत राहणाऱ्या चौकटी पुष्कळ. सहावी-सातवीच्या मुलांना हे सहा प्रकार शिकवायला एक तास पुरतो, आणि एकदा शिकलं की टीव्हीवरच्या बातमीतसुद्धा ते दिसायला लागतात. मोर्चाचं दृश्य, त्याला लागून पेटलेली बस. मधली उडी कुणी मारली?

आपल्याकडे हे शिकवायला सामग्री नाही असं नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१पासून मराठी घरांत रोज येऊ लागला. मोजक्या चौकटी, आणि गंमत बहुतेक वेळा शेवटच्या दोन चौकटींमधल्या जागेत. शि. द. फडणीसांनी तर शब्दच हद्दपार केले. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर त्यांनी मराठी वाचकाला काय काय वाचायला लावलं! एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर, आणि दोघं शेजारी उभी. ओळ नाही, फुगा नाही. याच फडणीसांची चित्रं बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत आली होती. म्हणजे राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाला ही वाट एकेकाळी माहीत होती.

पहिलीच्या पुस्तकाची सुरुवात आजही चित्रवाचनानं होते. जत्रेचं किंवा बाजाराचं पानभर चित्र, आणि 'काय काय दिसतं ते सांग'. अक्षरं आली की चित्रं आक्रसतात. पाचवीपर्यंत ती मजकुराच्या कोपऱ्यात जातात, आठवीत तर नुसती शोभेला. चित्र म्हणजे अक्षर येईपर्यंतची सोय, हा समज आपल्या अभ्यासक्रमाच्या हाडीमांसी मुरलेला आहे. आणि मुलाच्या हातात फोन येतो तो नेमका याच वयात, म्हणजे आपण चित्र वाचायला शिकवणं थांबवल्यावर.

'असर'च्या २०२४च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन हाती घेतलेली मुलं ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी घेतलेली ७६ टक्के. त्याच पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या जेमतेम २३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला, आणि हा आकडाही दोन वर्षांपूर्वीच्या १६ टक्क्यांवरून वर आलेला. हे आकडे पाहून कुणी म्हणेल, आधी अक्षरं तरी येऊ द्या, मग चित्रांचे चोचले करा. हा आक्षेप हलका नाही. पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे: चित्र आणि अक्षर या दोन शिकवण्या आहेत, आणि एकीचा वेळ दुसरी खाते.

*

कॉमिक्सनं अक्षर खाल्लं, ही भीती अमेरिकेत पाऊणशे वर्षांपूर्वी कायद्याच्या उंबरठ्यापर्यंत गेली होती. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं 'सिडक्शन ऑफ दि इनोसन्ट' १९५४ साली आलं. कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात, असा त्याचा दावा. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. प्रकाशकांनी घाबरून स्वतःच 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. वर्थमची कागदपत्रं २०१०मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अभ्यासकांना खुली झाली, तेव्हा कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेनं त्याच्या टिपणांशी पुस्तक ताडून पाहिलं. मुलांची वयं बदललेली, वेगवेगळ्या मुलांची विधानं एकाच्या तोंडी घातलेली, गैरसोयीचा तपशील गाळलेला. एका पिढीच्या वाचनावर बंदी आली ती अशा पुराव्यावर.

गंमत म्हणजे त्याच्या दहा वर्षं आधी, डिसेंबर १९४४मध्ये, शिक्षणाच्या समाजशास्त्राला वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकानं कॉमिक्सवर संपूर्ण अंक काढला होता, आणि त्यात वर्गात ती कशी वापरावीत याची शांतपणे चर्चा होती. वर्थमच्या वावटळीत ते सगळं उडालं. पुन्हा सुरुवात व्हायला जवळजवळ अर्धं शतक जावं लागलं.

या नव्या सुरुवातीतला मला आवडणारा माणूस म्हणजे जीन लुएन यँग. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या एका कॅथलिक शाळेत तो संगणकशास्त्र शिकवत असे, सतरा वर्षं शिकवलं. रात्री कॉमिक्स काढायचा. पहिल्या वर्षी मुलांवर छाप पडावी म्हणून त्यानं वर्गात ते सांगितलं, तर छाप पडण्याऐवजी मास्तर अजूनच बावळट ठरले. त्यामुळे पुढे त्यानं दोन्ही कामं वेगळी ठेवली. मग त्याच्याकडे बदली शिक्षक म्हणून बीजगणिताचा वर्ग आला. शाळेतली तंत्रज्ञानाची जबाबदारीही त्याच्याकडेच, त्यामुळे काही आठवड्यांआड तास बुडायचा. त्यानं आधी सुचणारा उपाय केला: स्वतःच्या शिकवण्याचे व्हिडिओ काढून ठेवले. मुलांना ते भयंकर कंटाळवाणे वाटले. मग नाइलाजानं त्यानं धडे कॉमिक्समध्ये काढून दिले. घाईघाईत, कच्च्या रेषांत, झेरॉक्सच्या कागदांवर. मुलं म्हणाली, हे द्या. इतकंच नाही, तो वर्गात हजर असतानाही मुलं कॉमिक्सच मागू लागली.

चित्रकार म्हणून त्याला काय वाटलं असेल ते असो, शिक्षक म्हणून तो विचारात पडला. त्यानं पुढे एका भाषणात कारण मांडलं ते असं: व्हिडिओ आणि फळा दोन्ही आपल्या वेगानं पुढे सरकतात, गेलं ते गेलं. कॉमिक्सच्या पानावर मात्र आधीचं, आत्ताचं आणि पुढचं एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतं. गणित न समजलेला मुलगा तीन चौकटी मागे जातो, कुणाला न विचारता, कुणाला न कळता. माहिती किती वेगानं यावी हे वाचणारा ठरवतो. यँगनं शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी हाच विषय घेतला. त्याची 'अमेरिकन बॉर्न चायनीज' ही चित्रकादंबरी २००६ साली आली आणि अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत पोचलेली पहिली चित्रकादंबरी ठरली. दहा वर्षांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्याला बालवाङ्‌मयाचा राष्ट्रीय राजदूत नेमलं.

व्हिडिओ आपटला आणि कागद चालला, हा यँगचा अनुभव आपल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर लावावा असा आहे. आपल्याकडे डिजिटल शाळा म्हटलं की प्रोजेक्टर, टॅब आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी या कोडचा वर्गात कल्पक वापर करून दाखवला. २०२०चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पण एका शिक्षकाची हुशारी राज्यभराच्या पुस्तकांत छापली गेली की तिचा सरकारी साचा होतो. कोड स्कॅन करावा आणि धडाच कुणीतरी हळू आवाजात वाचून दाखवावा, मागे एखादं चित्र डुलावं. याला बहुमाध्यम म्हणायचं असेल तर म्हणावं. माझ्या मते ते आवाज चिकटवलेलं पाठ्यपुस्तक आहे.

याउलट एक फार साधी बहुमाध्यम कल्पना आपल्या देशात निघाली आणि तिला कसलाही झगमगाट नव्हता. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांना १९९६ साली सुचलं: सिनेमातली गाणी दाखवताना खाली त्याच भाषेत त्या गाण्याचे शब्द टाकायचे. हिंदी गाण्याखाली हिंदीच, आणि गायलं जाईल तसा शब्दाचा रंग बदलायचा. १९९९मध्ये गुजरातच्या दूरदर्शनवर प्रयोग झाला, २००२पासून 'चित्रहार'मध्ये देशभर. त्यामागचं गणित सरळ आहे. अर्धवट वाचता येणाऱ्या कोट्यवधी लोकांना गाणी मात्र तोंडपाठ असतात. पुढचा शब्द कानाला आधीच माहीत असतो, त्यामुळे डोळा तो ओळखायला धावतो. आणि पडद्यावर अक्षरं असली की माणूस ती न वाचता राहू शकत नाही. वेगळी शाळा नाही, वेगळा तास नाही, लाज नाही. इथे चित्र, आवाज आणि अक्षर तिन्ही एकमेकांना काम देतात. क्यूआर कोडच्या धड्यात तिघंही तेच ते बोलत बसतात.

हाच निकष कॉमिक्सलाही लावता येतो. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या 'अमर चित्र कथे'नं दोन-तीन पिढ्यांना पुराण-इतिहास दिला, त्याबद्दल कृतज्ञ राहायला हवं. पण त्या अंकांत वरच्या पट्टीत लिहिलेलं असतं 'राजा संतापला', चित्रात राजा संतापलेला असतो, आणि फुग्यात राजा संतापून बोलत असतो. वाचणाऱ्याला करायला काही उरत नाही. मार्च २०२१मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं सीबीएसई शाळांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी तयार केलेली शंभराहून जास्त कॉमिक्स 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक मंचावर आणली. हेतू चांगला होता. धोका मात्र तोच: धडा घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे, दोन मुलांच्या तोंडी घालायचे. प्रश्नोत्तरं तीच, फक्त फुग्यात. चित्रानं असं काही सांगायला हवं जे शब्दानं सांगितलेलं नाही, नाहीतर ते चित्र कशाला काढलं?

आर्ट स्पिगलमनच्या 'माउस' या ज्यूंच्या वंशसंहारावरच्या चित्रकादंबरीत एक जागा आहे. पोलंडमधलं एक ज्यू जोडपं लपायला जागा शोधत निघालंय. मजकुरात एवढंच की जायचं कुठे हे त्यांना ठाऊक नाही. चित्रात त्यांच्यासमोरच्या वाटा फुटल्या आहेत त्या स्वस्तिकाच्या, नाझींच्या स्वस्तिकाच्या, आकारात. कुठलीही वाट धरली तरी तिथेच. शब्दांत याचा उल्लेखही नाही. 'माउस'ला १९९२ साली विशेष पुलित्झर मिळालं, आणि जानेवारी २०२२मध्ये टेनेसी राज्यातल्या मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळानं ते आठवीच्या अभ्यासक्रमातून दहा विरुद्ध शून्य मतांनी काढलं. कारण काय, तर काही शिव्या आणि एका मृत आईचं छोटंसं उघडं चित्र. वंशसंहारावरच्या पुस्तकात त्यांना आक्षेपार्ह सापडलं ते हे. चित्र वाचता न येण्याचा प्रश्न फक्त आपला नाही, एवढाच यातला दिलासा.

*

आता महाडला येऊ. 'भीमायन' ही आंबेडकरांवरची चित्रकादंबरी २०११ साली आली, 'नवयान'कडूनच. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं लेखन, दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची चित्रं. व्याम दांपत्य परधान गोंड परंपरेतलं. मजकुराचा आधार म्हणजे आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणी: १९०१चा साताऱ्याहून गोरेगावचा प्रवास, मसूरच्या स्टेशनवर अडकलेली मुलं, पैसे दुप्पट देऊनही गाडी न हाकणारा गाडीवान, रात्रभर न मिळालेलं पाणी, मग बडोद्यातलं राहायला जागा न मिळणं. या आठवणींच्या जोडीला पुस्तकात अर्थात महाडचं चवदार तळंही आहे. पुस्तकाची चौकट मात्र आजची आहे. बसस्टॉपवर आरक्षणाच्या नावानं बोटं मोडणारा एक तरुण आणि त्याला ही गोष्ट सांगणारी बाई. मध्ये मध्ये अलीकडच्या अत्याचारांच्या बातम्या.

व्यामांनी चौकटी काढायला नकार दिला. माणसांना खोक्यात कोंबायचं नाही, ती गुदमरतात, असं त्यांचं म्हणणं. गोंड घरांच्या भिंतींवर आणि अंगणात दिगना काढतात, त्या नक्षीच्या वळणांनी त्यांनी पानं विभागली. पांढरी पट्टी गेली, तिच्या जागी नक्षीचा ओघ आला. मॅक्लाउडच्या सहा प्रकारांचं इथे काय करायचं, हा प्रश्न एखाद्या वर्गाला दोन तास पुरेल.

संवादाचे फुगे तर व्याकरणाचा धडा आहेत. सोसणाऱ्यांचं, मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात. ज्यांच्या बोलण्यात जातीचं विष आहे, त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळा. मूल दोन पानांत हे नियम न सांगता शिकतं, आणि मग तिसऱ्या पानावर कुणी गोड शब्दांत बोलत असला तरी फुग्याची नांगी पाहून सावध होतं. बोलण्याचा शब्द आणि बोलण्याचा रोख वेगळा असू शकतो, हे मराठीच्या तासाला आपण लक्षणा-व्यंजना म्हणून वरच्या वर्गांत घोकून घेतो. इथे ते पाचवीतलं पोर बोट ठेवून दाखवेल.

आणि महाडची सभा. मार्च १९२७. आंबेडकर बोलताहेत, समोर लोक. ध्वनिक्षेपकांच्या जागी व्यामांनी पाण्याचे फवारे काढले आहेत. शब्द पाणी होऊन लोकांवर बरसतात. तळ्याच्या पाण्याला हात लावायची बंदी असलेल्या माणसांवर. ऐतिहासिक सभेत असं काही घडलं नव्हतं हे सांगायला नको; पण तिथे काय घडलं हे सांगायला याहून अचूक चित्र मला माहीत नाही. 'अमर चित्र कथे'नंही आंबेडकरांवर अंक काढला होता. हे दोन्ही एका बाकावर शेजारी ठेवून मुलांना नुसतं विचारावं: कुठल्या पुस्तकात तुम्हाला जास्त वेळ थांबावं लागलं, आणि का?

चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची कला मराठी मुलखाला नवी नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. सुट्या चित्रांची पोथी, एकामागून एक चित्र उचलायचं, वाद्यांच्या साथीनं रामायण-महाभारतातली आख्यानं गायची. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना त्यासाठी पद्मश्री मिळाली. आपण हे लोककलेच्या कपाटात ठेवून दिलंय. जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात चित्रकथींना एक दिवस बोलावलं, तर कुठल्या चित्रावर किती थांबायचं, कुठे आवाज थांबवून चित्राला बोलू द्यायचं, हे पॉवरपॉइंटवाल्या कुठल्याही तज्ज्ञापेक्षा ते नीट शिकवतील.

*

वाचायला शिकण्याची दुसरी बाजू म्हणजे काढायला शिकणं. न्यूयॉर्कमध्ये मायकल बिट्झ यांनी २००१ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून 'कॉमिक बुक प्रोजेक्ट' सुरू केला. शाळा सुटल्यावर मुलांनी जमायचं, गोष्ट रचायची, लिहायची, काढायची, छापायची. मॅनहटनमधल्या एका शाळेच्या अशा मंडळावर त्यांनी पुढे 'मांगा हाय' हे पुस्तक लिहिलं. बहुतेक मुलं कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो, आणि काढायची काय, तर जपानी मांगा. पात्रांची नावं जपानी, डोळे टपोरे, आणि गोष्टी मात्र त्यांच्या स्वतःच्या घरच्या, रस्त्यावरच्या. दुसऱ्याच्या शैलीची झूल पांघरली की स्वतःबद्दल बोलायला मोकळीक मिळते, हे आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

भारतात हेच काम शरद शर्मा आणि त्यांची 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' अनेक वर्षं करते आहे, आणि तेही चित्रकलेचा गंध नसलेल्या लोकांबरोबर. पद्धत अगदी काटकसरीची. चार चौकटी, काळी शाई. दोन ए-फोर कागद जोडले की भिंतीवर लावण्याजोगं पत्रक होतं. झेरॉक्स काढायची आणि चहाच्या टपरीवर, पंचायतीच्या भिंतीवर, बसथांब्यावर चिकटवायची. गोष्ट गावातली हवी, आणि चौथ्या चौकटीत काहीतरी घडायला हवं. उपदेश चालत नाही. राजस्थानात बाडमेरला मुलींच्या प्रश्नावर अशी मोहीम झाली. फिनलंडच्या लीफ पाकालेन यांच्याबरोबर शर्मांनी २००७ साली त्याची हातपुस्तिकाही काढली.

चारच चौकटी, ही अट फार शहाणपणाची आहे. मुलाला सांगायच्या असतात वीस गोष्टी. सोळा टाकाव्या लागतात. काय टाकलं आणि काय ठेवलं, यावर गटात भांडण होतं. ज्यानं एकदा स्वतःच्या चार चौकटींसाठी गावच्या पाणीटंचाईतली सोळा दृश्यं टाकली, तो फोनवर आलेली पंधरा सेकंदांची चित्रफीत पाहताना विचारतो की याच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं. खोट्या बातम्या ओळखण्यावरची व्याख्यानं मी बरीच ऐकली आहेत. त्यांत उलटशोध करा, स्रोत तपासा, पुढे ढकलू नका, असे नियम असतात. सगळे बरोबर. पण ज्या मुलानं कात्री स्वतः चालवलेली नाही, त्याला दुसऱ्यानं कुठे कापलंय हे दिसणार कसं?

घोडं अडतं ते परीक्षेपाशी. चित्रवर्णनाला प्रश्नपत्रिकेत जागा आहे, पण त्याचं आदर्श उत्तर गाइडमध्ये छापलेलं असतं: 'या चित्रात एक बाग आहे. बागेत मुले खेळत आहेत.' दहा शाळांत हजार मुलं तीच बाग तशीच लिहितात. चित्रावर दोन वेगळी वाचनं झाली आणि दोन्हींना चित्रात पुरावा असला, तर दोन्हींना पूर्ण गुण द्यायची सोय तपासणाऱ्याकडे हवी. 'असं तुला का वाटलं? चित्रात कुठे दिसलं?' एवढे दोन उपप्रश्न जोडले तरी गाइडची पंचाईत होईल. डी.एल.एड. आणि बी.एड.च्या अभ्यासक्रमात शैक्षणिक साधनांची यादी असते, तक्ते, प्रतिकृती, दृक्‌श्राव्य साधनं. भावी शिक्षकानं एक चित्रकादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचावी, अशी अट माझ्या पाहण्यात नाही. शाळेच्या ग्रंथालयाच्या खरेदीत अशी पुस्तकं आली, तर ती बहुधा 'अवांतर'च्या कप्प्यात जातात आणि अभ्यास झाल्यावरच मिळतात.

या सगळ्यासाठी नवं धोरण यायची वाट पाहायला नको. एक ए-फोर कागद, घड्या घालून त्याच्या चार चौकटी, एक काळं पेन. पहिल्या आणि शेवटच्या चौकटीतलं चित्र शिक्षकानं काढून द्यायचं, मधल्या दोन मुलांनी भरायच्या. चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस वेगळ्या गोष्टी तयार होतात, आणि मग पुढचा तासभर शिक्षकाला काहीच बोलावं लागत नाही. मुलंच एकमेकांना विचारत सुटतात की अरे, तुझ्या इथे हा माणूस मेला कसा, माझ्या इथे तर तो दुकानातून दूध घेऊन येतोय.